वाचकांचे प्रश्न : फ्लॉरेन्समधली फोटोफेरी

प्रश्न : सप्टेंबरअखेर फ्लॉरेन्सला जातोय. गाइडसोबतची तीन तासांची फोटोफेरी सकाळची घ्यावी की संध्याकाळची? लेन्स कोणती?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : एकच घ्यायची तर संध्याकाळची. ड्युओमोचा, म्हणजे शहराच्या मुख्य कॅथेड्रलचा, दर्शनी भाग पश्चिमेकडे आहे. सकाळी तो सावलीत असतो, दुपारनंतर उजळतो. सप्टेंबरअखेर सूर्य साधारण सातला मावळतो, म्हणून चारची फेरी बरी. पोन्ते वेक्कियो हा जुना पूल टिपायला त्याच्या पश्चिमेच्या सांता त्रिनिता पुलावर उभे राहा, मावळतं ऊन थेट त्यावर पडतं. गर्दी नको असेल तर मात्र पहाटच.

लेन्स २४-७० मिमीची पुरे. दोन चुका हमखास होतात. पांढऱ्या संगमरवरामुळे कॅमेरा फसतो आणि फोटो करडा येतो, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजेड कमी-जास्त करायची सोय) +०.७ ते +१ करा. सराव घरीच होईल : जिनिंगच्या आवारात कापसाच्या ढिगाचा फोटो काढा, तोही आधी मळकटच दिसेल. दुसरी चूक म्हणजे कॅमेरा वर उचलणं. भिंती मागे कलंडतात. ड्युओमोसमोर बॅप्टिस्ट्री (बाप्तिस्म्याची इमारत) असल्याने मागे सरकायला जागाच नाही. कॅमेरा उभा धरा, पण वर-खाली झुकवू नका, लेन्स २४ मिमीवर ठेवून टिपा आणि खालची फरशी नंतर कापा. शिखर तरीही कापलं गेलं तर हट्ट सोडा, दाराची नक्षी घ्या.

१४३६ साली पुरा झालेला ड्युओमोचा घुमट, वास्तुविशारद ब्रुनेलेस्कीचा, पायथ्यापासून नीट दिसतही नाही. त्यासाठी पियात्साले मिकेलांजेलोच्या टेकडीवर सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी पोचा, उशीर झाला तर कठड्यापाशी जागा मिळत नाही.