ग्रुप डान्समध्ये कोरिओग्राफिक डिव्हाइसेस नक्की कसे वापरायचे? (आठ जणी, पाच मिनिटं)

तुम्ही लिहिलंय की युथ फेस्टिव्हलसाठी आठ जणींचा पाच मिनिटांचा डान्स बसवताय, मंगळागौरीच्या खेळांवर, स्टेप्स छान आहेत पण बघताना सगळं सपाट वाटतं, आणि कुणीतरी म्हणालं 'डिव्हाइसेस वापरा', तर ते कसं करायचं. मी बरीच वर्षं शाळा-कॉलेजचे ग्रुप डान्स बसवते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे नवीन स्टेप्स शोधणं आजच बंद करा. माझ्या सुरुवातीच्या एका डान्समध्ये मी साडेचार मिनिटांत पन्नासेक स्टेप्स कोंबल्या होत्या, सगळ्या जणी सतत एकत्र, दोन रांगांत, आणि नंतर व्हिडिओ बघितला तर मागच्या चौघी दिसतच नव्हत्या आणि पुढच्या चौघींचंही काही डोक्यात राहत नव्हतं. बघणाऱ्याला एखादी हालचाल ओळखीची व्हायला वेळ तर मिळाला पाहिजे ना. म्हणून एकच छोटा तुकडा घ्यायचा, त्यालाच मोटिफ म्हणतात, आणि डिव्हाइसेस म्हणजे त्या तुकड्याचं काय काय करता येतं ते.

तुमच्याकडे सूप आहेच की! 8 काउंट धरा. 1-2 ला वाकून सूप उचललं, 3-4 ला पाखडल्याचे दोन झटके, 5-6 ला सूप डोक्यावर नेत अर्धी गिरकी, 7 ला पूर्ण थांबलं, 8 ला खडा वेचून बाजूला टाकला. झालं. आता हेच मांडी घालून, नुसत्या मनगटाने करून बघा. मग अख्ख्या अंगाने, उडी घेऊन. मग 16 काउंटमध्ये संथ, मग प्रेक्षकांकडे पाठ करून. उलटं पण करता येतं, म्हणजे खड्यापासून सुरू करून सूप खाली ठेवेपर्यंत, त्यासाठी मोबाईलवर व्हिडिओ घ्या आणि रिव्हर्स करून त्यावरूनच शिका, डोक्याने उलटं करायला गेलं की मुली वैतागतात. फक्त उडी उलटी नीट होत नाही, ती तिथे काढून टाका.

कॅनन सगळ्यांना आवडतो (एकीमागून एक तेच करणं) पण त्याचं गणित आधी कागदावर मांडा. आठ जणी दोन-दोन काउंटच्या अंतराने सुरू झाल्या तर आठवी 14 काउंट गेल्यावर सुरू करते आणि 22 व्या काउंटला संपवते, आणि पहिली तर 8 लाच मोकळी झालेली असते, मग उरलेले 14 काउंट ती काय करणार हे ठरवलं नाही तर ती नुसती उभी राहून इकडेतिकडे बघते आणि प्रेक्षकांचं लक्ष नेमकं तिच्याकडेच जातं. मी हल्ली जोड्यांनी करते, चार जोड्या, सगळं 14 काउंटमध्ये आटपतं आणि स्टेजवर तिरक्या रेषेत उभ्या केल्या की लाट छान दिसते.

अ‍ॅक्युम्युलेशन म्हणजे एक हालचाल, मग ती अधिक दुसरी, मग पुन्हा पहिलीपासून तिसरीपर्यंत, अशी भर घालत जाणं. अमेरिकेच्या ट्रिशा ब्राऊन यांनी 1971 मध्ये याच नियमावर अख्खा सोलो केला, सुरुवात नुसते अंगठे फिरवण्याने. तुमच्या डान्सची सुरुवात अशी करता येईल, एकटी मुलगी, आधी फक्त उचलणं, मग उचलणं-पाखडणं, आणि दर वेळी एकेक मैत्रीण येऊन मिळते.

आणि तिहाई (एकच तुकडा लागोपाठ तीनदा घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, संपवणं) विसरू नका, हे तर आपल्या घरचंच डिव्हाइस आहे! तीनतालात (16 मात्रांचा ताल) 5 मात्रांचा तुकडा तीनदा घेतला की 15 मात्रा होतात, तिसऱ्या मात्रेवर उचलला तर शेवटची मात्रा बरोबर पुढच्या समेवर येते. पहिल्यांदा दोघी, दुसऱ्यांदा पाच जणी, तिसऱ्यांदा आठही. कथ्थक मुळात एकटीने नाचायचं, ते समूहासाठी कसं उघडलं ते बघायचं असेल तर अहमदाबादच्या कुमुदिनी लाखिया यांचं काम शोधून बघा, एकाच वेळी स्टेजवर वेगवेगळे गट वेगवेगळं करतायत आणि तरी डोळा भरकटत नाही, मला अजूनही त्यातून शिकायला मिळतं.

अजून एक माझं आवडतं. चौघींनी थांबणं आणि खडा टाकणं गाळायचं, त्यांचा तुकडा 6 काउंटचा होतो, बाकीच्या चौघींचा 8 चाच. एकत्र सुरू करा, लगेच फाटाफूट होते आणि 24 काउंटनंतर दोन्ही गट पुन्हा एकत्र पहिल्या काउंटवर येतात. त्या क्षणी आठही जणींनी एकत्र करायला घेतलं ना, की टाळ्या पडतात, कारण युनिझन (सगळ्यांनी एकदम तेच करणं) तोपर्यंत लोकांनी फारसा बघितलेलाच नसतो. म्हणून तो राखून ठेवा, पाच मिनिटांत मिळून एक-सव्वा मिनिट पुरे.

सगळे डिव्हाइसेस मात्र एकाच डान्समध्ये घालू नका, तीन-चार निवडा. पहिले दोन दिवस गाणं न लावता नुसत्या टाळीवर आणि काउंटवर प्रॅक्टिस करा, आणि रोजचा व्हिडिओ हॉलच्या शेवटच्या रांगेतून घ्या, सूप तिथून दिसत नसेल तर झटका मोठा करा.