नानांबद्दल चार पानं लिहायचीत, पण सुचत नाही

प्रश्न : भाऊ, आमचे नाना मागच्या वर्षी गेले. भडगावकडचं खेडं, नाना सुतार. वर्षश्राद्धाला चार पानांची पुस्तिका छापायची ठरलंय आणि लिहायचं माझ्या गळ्यात पडलं, कारण मी शाळेत शिकवते. बसले की 'कष्टाळू, प्रेमळ, मनमिळाऊ' एवढंच येतं आणि खरं सांगू का, नाना मनमिळाऊ अजिबात नव्हते, चिडके होते, लाडाने कधी बोलले नाहीत. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आम्ही तिघी बहिणी यायच्या आधी निंबाला झोका मात्र बांधलेला असायचा, फळी दरवर्षी तीच, तरी दरवर्षी तिच्यावर रंधा फिरवायचे, पोरींना कुसळ लागायला नको म्हणून. जन्मतारीख पण नक्की नाही, दाखल्यावर 1 जून आहे. दारामागच्या भिंतीवर त्यांनी पेन्सिलीने लिहिलेली उधारी अजून आहे, आता भाऊ घराला रंग देतोय. तो म्हणतो फोटो मोठा टाकू, मजकूर कमी. काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, 'मनमिळाऊ' आधी खोडा. 'प्रेमळ' पण खोडा, कारण फळीचं तुम्ही पत्रात जाता जाता लिहून गेलात आणि तेच पहिलं पान आहे. जसं मला लिहिलंत तसंच ठेवा, शाळेतल्या निबंधासारखं सजवू नका (शिक्षकांना ही सवय असते, राग मानू नका).

1 जूनचं म्हणाल तर आपल्याकडे अर्ध्या गावाचा वाढदिवस त्याच दिवशी. शाळेत घालताना वय अंदाजे सांगायचे आणि गुरुजी 1 जून टाकून मोकळे. ती तारीख जयंती म्हणून छापू नका. आईला, आत्याला विचारा, गिरणा धरण 1969 ला झालं तेव्हा नाना वाकस (लाकूड तासायचं हत्यार) धरायला लागले होते का, 1972 च्या दुष्काळात लग्न झालेलं होतं का. जुन्या माणसांना सन आठवत नाही पण दुष्काळात कोण काय खात होतं ते बरोबर आठवतं. आणि तुम्ही नाशिकलाच आहात तर रामकुंडावर तीर्थोपाध्यायांकडे चौकशी करा, तुमच्या घरातलं कोणी तिथे विधीला गेलं असेल तर नामावळीत पणजोबांपर्यंतची नावं सापडू शकतात.

बाकी पानं कामाला द्या. नानांनी गाडीची चाकं केली असतील तर एक चाक पूर्ण लिहा. मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे, त्यावर बाहेरून बसवलेले पाटे, लाकूड बाभळीचं की दुसरं कुठलं, ते किती दिवस वाळवायचे. मग लोहाराकडची धाव, म्हणजे चाकावरचं लोखंडी कडं. आमच्या गावात धाव चढवायची म्हणजे आम्हा पोरांना शाळा बुडवायला कारणच व्हायचं. लोखंडाचं कडं चाकापेक्षा जरासं लहानच ठेवायचं, गोवऱ्यांच्या जाळात लाल करायचं म्हणजे ते फुगतं, सांडशीने उचलून चाकावर घालायचं, लाकूड पेट घेतंय तोवर घण मारून बसवायचं आणि लगेच पाणी. कडं आवळतं, सगळे सांधे करकर वाजत घट्ट होतात, वाफेत सुतार दिसतच नाही. आमचा सुतार त्या वेळी सगळ्यांना शिव्या द्यायचा, पाण्याची बादली पोचायला उशीर झाला तर चाकच जळायचं ना! तुमच्या नानांचा चिडकेपणा कदाचित असाच कामातून आलेला असेल, कदाचित नसेलही, आईला माहीत असेल.

मग रबरी टायरच्या गाड्या आल्या, ट्रॅक्टर आले, तेव्हा नानांनी काय केलं? खळ्यावरची बलुत्याची ज्वारी बंद झाली तेव्हा घर कशावर चाललं, दारं-खिडक्यांवर की तिफणीच्या दुरुस्तीवर? तिघींची लग्नं कशी केली? हे तुमच्या पत्रात नाहीये आणि मला सगळ्यात जास्त तेच वाचायचंय.

फोटो मोठा टाका, भावाचं ऐका, पण उभं राहून काढलेला लग्नातला फोटो नको, हातात रंधा असलेला शोधा. नसेल तर नुसत्या त्या फळीचा टाका.

आणि आजच भावाला फोन करा, दारामागच्या भिंतीला ब्रश लावू नको म्हणावं. उजेडात फोटो काढून घ्या, छापताना मात्र उधारीवाल्यांची नावं झाका, त्यातले काही जेवायला येणार असतील.