ब्रोकरेज पूर्ण दाखवायचं की वाटा देऊन उरलेलं?

तुमची पोस्ट वाचली. बिल्डरकडून ९ लाख ब्रोकरेज आलं, त्यातले ४ लाख सोबतच्या एजंटला गेले, मग रिटर्नमध्ये ५ दाखवले तर चालतील का, असं विचारलंय. नाही चालणार. बिल तुमचं, टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापून भरलेला आयकर) तुमच्या पॅनवर, म्हणजे ग्रॉस रिसिट (एकूण जमा) ९ लाखच. ४ लाख खर्चात टाका. ते बँकेतून गेलेले हवेत आणि त्या एजंटचं बिल फाइलला हवं. जीएसटी नोंदणीची २० लाखांची मर्यादाही ९ धरूनच मोजतात. राहण्यासाठी भाड्याने दिलेला फ्लॅट असेल तर त्याचं भाडं जीएसटीमुक्त असूनही त्या बेरजेत येतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

आता खरी डोकेदुखी सांगतो, कारण तुमचं २६एएस (पॅनवर जमा टीडीएसचा तक्ता) जुळत नाही म्हणताय. मला सगळ्यात जास्त मनस्ताप एका बिल्डरच्या अकाउंट्स विभागाने दिला. फ्लॅटचा करारनामा एप्रिलमध्ये रजिस्टर झाला, ब्रोकरेजवर माझा हक्क तेव्हाच लागू झाला, बिलही त्यानंतरचं. यांनी मात्र बुकिंगवरूनच ३१ मार्चला, म्हणजे आदल्याच आर्थिक वर्षात, खर्चाची तरतूद करून टीडीएस भरून टाकला. तोही जीएसटीसकट! १ लाखाच्या बिलावर २६एएसमध्ये रक्कम दिसते १,१८,०००. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर त्यावर टीडीएस कापायचा नाही, असं सीबीडीटीचं (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचं) २०१७ चं २३ नंबरचं परिपत्रक स्पष्ट सांगतं. ते दाखवलं, तरी उत्तर एकच: "टीडीएस भरलाय ना, मग तुमची अडचण काय?" अडचण ही, की आयकराची नोटीस मला आली, आणि जीएसटीवालेही तोच आकडा धरून फरक विचारू लागले. दुरुस्तीचं टीडीएस रिटर्न फक्त कापणाराच भरू शकतो, आणि त्यांना त्याची अजिबात घाई नव्हती. एजंटने ग्राहक आणायचा, साइट दाखवायची, लोनची कागदपत्रं जमवायची, आणि वर त्यांच्या नोंदींचे खुलासेही त्यानेच द्यायचे, याचा मला आजही संताप येतो.

तुमचंही असंच असेल तर उत्पन्न ज्या वर्षाचं त्याच वर्षी दाखवा, टीडीएसचं क्रेडिट रिटर्नमधूनच पुढे ओढता येतं. आयकर नियम ३७बीए तेच सांगतो. एआयएसवर (आयकर पोर्टलवरचं तुमच्या व्यवहारांचं विवरण) फीडबॅक नोंदवा. बिल, करारनाम्याची इंडेक्स २ (नोंदणीचा उतारा) आणि बँक स्टेटमेंट एकत्र ठेवा.

आणखी एक. कोणी कलम ४४एडीखाली (छोट्या व्यवसायांना ठरावीक टक्के नफा धरायची सवलत) ८ टक्के नफा दाखवून मोकळं व्हा म्हणत असेल तर ऐकू नका. कमिशन आणि ब्रोकरेजला ते कलम लागूच नाही. असे रिटर्न सर्रास भरले जातात, पण म्हणून ते बरोबर ठरत नाहीत.

माझं ठाम मत: दोन एजंट असतील तर बुकिंगआधीच बिल्डरकडून दोघांच्या नावाने वेगळी ब्रोकरेज पत्रं घ्या आणि दोघांनी आपापलं बिल लावा. सोबतच्या एजंटचं महारेरा नोंदणीपत्रही तेव्हाच मागून घ्या. बिल्डर कुरकुर करतो, पण करून देतो.

मी सीए नाही. कलमांचे आकडे १९६१ च्या कायद्यातले आहेत, १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे, तेव्हा नोटीस आली असेल तर तिला उत्तर पाठवण्यापूर्वी सीएला दाखवा. नोटिशीवरची मुदत मात्र आजच बघा.