बहीण जेलमध्ये आहे, नवऱ्याने घटस्फोट टाकलाय, तिला फुकट वकील मिळेल का?

मिळेल. बाई म्हणूनही मिळतो, कोठडीत आहे म्हणूनही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. दोन्हीला उत्पन्नाची अट नाही.

पण तुम्ही लिहिलंय की घरचे म्हणतात "आधी बाहेर येऊ दे, मग बघू", ते वाचून राहवलं नाही. आमच्या मोठ्या मामांचं अगदी हेच. माझी धाकटी बहीण अंडरट्रायल होती, म्हणजे खटला चालू असताना जेलमध्ये, आणि तिच्या नवऱ्याने घटस्फोटाच्या अर्जात पत्ता दिला सासरचा, ती तिथे नाही हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? ती आत, समन्स तिकडे, निकाल एकतर्फी. आम्हाला कळलं कधी, तर त्याच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू झाल्यावर. मामा म्हणाले आता काय उपयोग, आणि फुकटचा वकील म्हणजे केस घालवणं. मी ऐकलं नाही, जिल्हा कोर्टातल्या प्राधिकरणाच्या ऑफिसात गेले. पॅनलवरच्या वकीलबाईंनी जेलमध्ये जाऊन वकालतनाम्यावर सही घेतली आणि कोर्टात पहिलाच मुद्दा मांडला की प्रतिवादी तुरुंगात असेल तर समन्स तुरुंगाच्या अधिकाऱ्यामार्फत द्यायचं असतं, दिवाणी प्रक्रिया संहिता, ऑर्डर ५ नियम २४. एकतर्फी निकाल रद्द झाला, केस परत उभी राहिली, भाचीला आईच्या भेटीला न्यायचा हुकूमही मिळाला. फी एक रुपया नाही. मामा अजून म्हणतात नशीब. नशीब नाही हो, त्या बाईंचा अभ्यास होता.

तुमचा भाचा आठ वर्षांचा, म्हणजे आईजवळ आत राहायचा प्रश्न नाही, ते सहा वर्षांपर्यंतच. भेटीचा अर्ज मात्र लगेच टाका. आणि बायको जेलमध्ये आहे एवढ्यावर हिंदू विवाह कायद्यात घटस्फोट होत नाही, नवऱ्याने कितीही छाती ठोकून सांगितलं तरी. लग्न विशेष विवाह कायद्याखाली रजिस्टर केलेलं असेल तर वेगळं, तिथे सात वर्षं किंवा जास्त शिक्षा भोगत असणं हे कारण धरतात.

हां, फौजदारी केसला मिळालेला फुकटचा वकील घटस्फोटाचं काम आपोआप करत नाही, वेगळा अर्ज लागतो. वकील सगळे सारखे नसतात, लक्ष देत नसेल तर बदलून मागा. समजा एकतर्फी निकाल लागलाच आणि समन्स तिला मिळालंच नव्हतं, तर कळल्यापासून ३० दिवसांत तो रद्द करायचा अर्ज गेला पाहिजे, म्हणून "बाहेर येऊ दे" म्हणणाऱ्यांना आधी हे ३० दिवस ऐकवा. वकिलासाठीचा अर्ज तिला जेलमधूनही करता येतो, तिला भेटायला जाल तेव्हा सांगा. तुम्ही तोवर विधी सेवेच्या हेल्पलाइनला, १५१०० ला, फोन लावा.