‘मला कॉलेजलाच जायचं नाही’

पत्र थोडक्यात असं आहे: "मुलगी अठरा वर्षांची. दहावीला ९४ टक्के होते. अकरावी-बारावी इंटिग्रेटेडला (कॉलेज आणि क्लास एकत्र) घातलं. बारावीला ७१ टक्के आणि नीटला (वैद्यकीय प्रवेश परीक्षा) ७२० पैकी २६४. आमचं म्हणणं, एक वर्ष रिपीट कर, नाहीतर निदान बी.एस्सी.ला नाव घालून ठेव. ती एवढंच म्हणते, मला कॉलेजलाच जायचं नाही. कारण विचारलं की गप्प. तिचे बाबा महिनाभर तिच्याशी बोललेले नाहीत. बी.एस्सी.चा फॉर्म मी तिला न सांगता भरला आहे, फी भरायला चार दिवस उरले आहेत. भरू का? ती रात्रभर जागी असते, दुपारपर्यंत झोपते, जेवण निम्म्यावर आलंय, मैत्रिणींचे फोन घेत नव्हती. मोबाइल काढून घेतला तरी फरक नाही. तिला चार शब्द समजावून सांगा. – एक आई"

ताई,

तुमचं पत्र दोन पानांचं आहे. त्यातलं दीड पान मार्कांवर आहे. विषयवार गुण, मॉक टेस्टमधले गुण, दहावीपासून ते कसे घसरत गेले, तिच्या आतेभावाला किती मिळाले, सगळं आहे. आणि शेवटून तिसऱ्या ओळीत, "आणि हो" म्हणून, तुम्ही लिहिता की ती रात्रभर जागी असते आणि जेवण निम्म्यावर आलंय. मी त्या ओळीपाशी थांबलो, आणि उत्तरही तिथूनच सुरू करतोय. बी.एस्सी.चं नंतर बोलू.

झोप उलटीपालटी होणं, भूक जाणं, जवळच्या माणसांशीही बोलावंसं न वाटणं, हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं तर डॉक्टरांकडे जायला हवं. तुम्ही लिहिल्यावरून महिना उलटून गेला आहे. मी डॉक्टर नाही, आणि पत्र वाचून कुणाचं निदान करता येत नाही. कदाचित हा निकालाचा धक्का असेल आणि ओसरेल, कदाचित नैराश्याची सुरुवात असेल. तो फरक तुम्ही, मी किंवा तिचे बाबा ठरवू शकत नाही. या आठवड्यात तिला घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे जा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवण्याबद्दल विचारा. तोवर कुणाशी तरी बोलायचं असेल तर १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक आहे. २०२२ पासून सुरू आहे, दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. तो तिच्यासाठी आहे तसा तुमच्यासाठीही आहे.

आणखी एक गोष्ट लिहायला जड जातंय, पण लिहितो. "मी नसते तर बरं झालं असतं" अशा अर्थाचं काहीही तिच्या तोंडून आलं, तर रागावू नका, "असं बोलू नये" म्हणून विषय बंद करू नका. तिला सरळ विचारा, जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार मनात येतो का. विचारल्यामुळे तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता बाबांबद्दल. तुम्ही त्यांची बाजू घेऊन लिहिलंय: "त्यांनी तिच्यासाठी खूप खस्ता खाल्ल्या, म्हणून त्यांना लागलंय." मला ते खरं वाटतं. क्लासची फी भरताना त्यांनी स्वतःच्या किती गोष्टी पुढे ढकलल्या असतील, याचा अंदाज मला आहे. पण त्यांना लागलंय म्हणून महिनाभर अबोला? ती परीक्षेत हरली, आणि त्याच आठवड्यात तिचे बाबाही तिला अंतरले. आपलं घरातलं स्थान गुणपत्रिकेवर अवलंबून होतं, असा अर्थ त्या वयाची कुठलीही मुलगी यातून काढेल, आणि तिला चूक म्हणायला मला जागा दिसत नाही. अबोला ही शिक्षा आहे आणि तिने गुन्हा केलेला नाही. हे उत्तर त्यांना वाचायला द्या. त्यांनी भाषण करायची गरज नाही. आज रात्री तिच्या खोलीत जाऊन बसावं आणि परीक्षेशी संबंध नसलेलं काहीतरी बोलावं. तिने उत्तर दिलं नाही तर उद्या पुन्हा जावं.

मोबाइलही परत करा. मैत्रिणींचे फोन ती घेत नव्हती हे तुम्हीच लिहिलंय. ज्या दिवशी घ्यावासा वाटेल त्या दिवशी तो हातात असायला हवा.

नीटचं गणित एकदा शांतपणे बघा. परीक्षेला दरवर्षी २० लाखांहून जास्त मुलं बसतात. देशभरात एमबीबीएसच्या जागा एक लाखाहून जास्त, त्यातल्या साधारण निम्म्या सरकारी. म्हणजे बहुतेकांना जागा मिळणार नाही हे फॉर्म भरायच्या आधीच ठरलेलं असतं. त्यात मागे राहिलेली मुलगी आळशी किंवा मठ्ठ ठरत नाही. दहावीला ९४ टक्के मिळवणाऱ्या मुलीची दोन वर्षं अशी जातात की सकाळी क्लास, दुपारी क्लास, कॉलेज नावापुरतं आणि रविवारी टेस्ट, तेव्हा ‘कॉलेज’ या शब्दाचा तिच्या मनात काय अर्थ उरला असेल? "मला कॉलेजलाच जायचं नाही" याचा अर्थ तुम्ही ‘शिकायचं नाही’ असा लावलात. मला त्यात ‘पुन्हा तेच सोसायचं नाही’ असं ऐकू येतं. माझा अंदाज चुकू शकतो. खरं तिलाच विचारावं लागेल, आणि ते ती बरी झाल्यावरच सांगू शकेल.

रिपीट, सीईटी, नर्सिंग, फार्मसी, नीटच्या गुणांवर मिळणारे बाकीचे अभ्यासक्रम, हे रस्ते तुम्हाला माझ्याइतकेच ठाऊक आहेत. ते कुठे पळून जात नाहीत.

पण तुमच्या पत्रात एक समज आहे, तो खोडून काढणं मला गरजेचं वाटतं. तुम्ही लिहिता, "आत्ता नाव घातलं नाही तर गाडी सुटेल, गॅप पडली की पुढे कुणी विचारत नाही." ताई, हे खरं नाही. नीटची कमाल वयोमर्यादा २०२२ मध्ये काढून टाकली, त्यामुळे डॉक्टर व्हायची इच्छा पुन्हा जागी झाली तर एका वर्षाने तो दरवाजा बंद होत नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ पासून. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी यूपीएससी आणि एमपीएससीला चालते. बारावी सायन्सवर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो आणि तो डिप्लोमा करून अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी मध्ये थांबवून पुन्हा सुरू करण्याची सोय आहे, आणि मिळवलेली क्रेडिट्स (अभ्यासाचे श्रेयांक) ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ या सरकारी ऑनलाइन खात्यात सात वर्षांपर्यंत टिकतात. एका वर्षाच्या खंडासाठी प्रवेशाच्या वेळी बहुतेक ठिकाणी गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. बस, एक कागद. वयाची अट कडक आहे ती एनडीएसारख्या (सैन्यदलाची प्रबोधिनी) मोजक्या ठिकाणी, आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. ‘वर्ष वाया गेलं’ हे वाक्य आपण इतक्या सहज उच्चारतो की, मनाविरुद्ध काढलेली तीन वर्षं कुठल्या खात्यात जमा धरायची, हा प्रश्नच पडत नाही.

"निदान पदवी तरी" याबद्दलही माझं मत स्पष्ट आहे. ‘निदान’ म्हणून घेतलेला प्रवेश मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. नाव बी.एस्सी.ला, मन कुठेच नाही, घरचे म्हणतात सोबत नीटही दे. अशी मुलं माझ्यासमोर दर जूनमध्ये बसतात. पहिल्या वर्षाचे विषय राहिलेले असतात, नीटही गेलेली असते, आणि आता त्यांना दोन अपयशांचा हिशेब द्यायचा असतो. नोकरीची हमी म्हणून पदवीकडे बघत असाल तर हेही माहीत असू द्या: आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या भारत रोजगार अहवालात तरुण पदवीधरांमधली बेरोजगारी २९.१ टक्के दिली आहे, लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमधली ३.४ टक्के. यावरून कुणी शिक्षण निरुपयोगी ठरवू नये. ज्याच्या घरात खायची भ्रांत आहे त्याला बेकार राहणं परवडत नाही, मिळेल ते काम तो करतो, म्हणून तो आकडा लहान दिसतो. पण नुसतं पदवीचं भेंडोळं हातात असलं की पोट भरतं, ही समजूतही त्या आकड्यांपुढे टिकत नाही. पदवी लागते तिथे लागतेच. वकील, माध्यमिक शाळेतला शिक्षक, बँकेतला अधिकारी, कुणालाच ती चुकत नाही. तिथे जायचं ठरलं की घ्यावी, आणि मन लावून घ्यावी.

आता तुमचा मूळ प्रश्न, फी भरू का. माझं उत्तर: भरू नका. आणि तुम्ही फॉर्म भरला आहे हे तिला आजच सांगा. तिला ते कधी ना कधी कळणारच आहे. दुसऱ्याकडून कळलं तर तुमच्यावरचा विश्वासही जाईल, आणि सध्या घरात तिच्याशी बोलणारं तुमच्याशिवाय कुणी नाही. "मी घाबरून भरला, तुला विचारायला हवं होतं," एवढं म्हटलंत तरी पुरे. तिने स्वतःहून, विचार करून म्हटलं की भर, तर भरा. रडून किंवा कंटाळून ‘कर काय करायचं ते’ म्हणाली तर ती संमती धरू नका.

हे वर्ष मोकळं सोडायचं म्हणजे तिला खोलीत सोडून द्यायचं, असंही माझं म्हणणं नाही. घरी बसलेलं मूल खचत जातं, हेही मी पाहिलंय. पहिले दोन-तीन महिने झोप, जेवण, डॉक्टर आणि घरच्यांशी बोलणं, एवढ्यावरच लक्ष द्या. पुढच्या वर्षाचं वेळापत्रक भिंतीवर लावू नका. त्यानंतर आठवड्यातून काही तास तरी घराबाहेर, ठरलेल्या वेळी, जिथे तिची कुणीतरी वाट पाहील असं एखादं काम असावं. पोहणं, एखादी भाषा, ग्रंथालयात मदत, लहान मुलांना शिकवणं. ते तिने निवडावं, आणि त्याचा पुढे करिअरला काय उपयोग हा प्रश्न कुणी विचारू नये. वर्षाच्या शेवटी शेवटी, तिला वाटलं तर, आपण सगळे कागद काढून बसू: कुठे पदवी लागते, कुठे डिप्लोमा चालतो, कुठे बारावीवर सुरुवात होते. तोवर नॉन-क्रीमीलेयर किंवा तत्सम दाखले लागणार असतील तर त्यांच्या मुदती तुम्ही सांभाळा. ते काम तिच्यावर टाकू नका.

तिला चार शब्द समजावून सांगा असं तुम्ही लिहिलंय. या पत्रातून ते करणं मी टाळलंय, कारण गेले काही महिने तिला सगळे समजावतच आहेत. तिला मला काही लिहावंसं वाटलं तर तिने स्वतंत्र लिहावं. ते तुम्हाला दाखवायची अट घालू नका. मीही तिच्या परवानगीशिवाय त्यातलं काही तुम्हाला सांगणार नाही.