पान दाखव

प्रिय बाये,

तुझा लांबलचक निरोप वाचला. वाचकमंडळात त्या नवख्या लेखकाच्या रहस्यकादंबरीवर कोण काय म्हणालं ते तू नीट उतरवून पाठवलंस, पण मला टोचलं ते शेवटचं वाक्य. "बाई, चर्चेला जायच्या आधी मला कादंबरी आवडली होती. आता ती खरंच आवडली होती का, तेच कळेनासं झालंय." आणि अशा अवस्थेत तुला वार्षिक अंकासाठी त्याच पुस्तकावर लिहायचंय. कुणाचं खरं मानू, असं विचारतेस.

जो पान दाखवेल त्याचं.

एवढं लिहून पत्र संपवता आलं असतं. पण तू ते मनावर घेणार नाहीस, म्हणून सविस्तर लिहिते.

तुझी यादी समोर आहे. खुनी आधीच कळला. शेवट आकाशातून पडला. मानसशास्त्र अती झालं. मानसशास्त्र नुसतं नावाला आहे. नायिका स्वतःला डॉक्टर म्हणवते आणि औषध देत नाही. कोकणी संवाद फार. पहिल्या पुस्तकाच्या मानाने बरं आहे. इतकी माणसं तासभर बोलली आणि एकानेही पुस्तक उघडलं नाही. अगं, पुस्तक तिथेच टेबलावर होतं ना?

आता तू ४१वं पान काढ. नायिका गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या त्या घरात राखणदाराशी पहिल्यांदा बोलते. बोलण्याआधी ती टेबलावरचं घड्याळ त्याला दिसणार नाही असं वळवून ठेवते. त्याला पाणी देते. तो पेला दोन्ही हातांनी धरतो. परिच्छेदभर फक्त हात आहेत, नखं, थरथर, पेल्यावर उमटलेली बोटं. मधेच अर्धं वाक्य येतं, की दाराशी काढून ठेवलेल्या त्याच्या चपलांच्या कडेला काळा चिखल वाळला होता. लगेच पुन्हा हात. हा माणूस सांगतो की काल संध्याकाळपासून तो टेकडीवरून खाली उतरलेलाच नाही. टेकडीवरची माती तांबडी. काळा चिखल खाली खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, बांधावर, मानशीपाशी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या दारापाशी, आणि भाटकाराचं, म्हणजे जमीनदाराचं, प्रेत सापडलं ते तिथेच. पावसाळ्यात खाजनात उतरलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. तो चिखल पाय धुतले तरी टाचेच्या भेगांत राहतो. लेखकाने पुरावा तुझ्या डोळ्यांपुढे ठेवला आणि तुझी नजर हातांकडे वळवली. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज रहस्यकथाकाराने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम सांगितले. त्यातला एक असा की शोध घेणाऱ्याच्या हाती लागलेला धागा तत्काळ वाचकालाही दिसला पाहिजे. आपल्या या नवख्या लेखकाने तो काटेकोर पाळलाय. तेव्हा शेवट आकाशातून पडला म्हणणाऱ्याला विचारायचं, ४१वं पान वाचलंत का? बस्स.

आता "खुनी आधीच कळला" वाले. हे दर चर्चेत असतात, आणि ते खोटं बोलत नाहीत. त्यांना खरंच तसं वाटतं. १९७५ साली बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने लोकांना इंग्रज आणि गुरखे यांच्या १८१४च्या युद्धाची हकिगत वाचायला दिली. काहींना निकाल सांगितला, काहींना नाही, आणि निकाल सांगितलेल्यांतही वेगवेगळ्या गटांना वेगवेगळे निकाल. ज्याला जो निकाल सांगितला त्याला तोच होणार होता असं वाटू लागलं. निकाल माहीत नाही असं समजून उत्तर द्या म्हटलं तरी फरक पडला नाही. एकदा कळल्यावर, कळण्याआधीचं आपलं मन परत मिळत नाही. म्हणून विचार, कुठल्या पानावर कळला? ७०व्या पानावर म्हणाले तर तेव्हा कुठे लिहून ठेवलं होतं? पुढच्या वेळी तू स्वतः दर प्रकरणानंतर संशयिताचं नाव एका चिठ्ठीवर लिहीत जा. चिठ्ठीवर म्हणतेय हं. वाचनालयाच्या पुस्तकाला पेन्सिल लावायची नाही.

आणि तुझ्या गोंधळाचं उत्तर याच कादंबरीत आहे, हे तुझ्या लक्षात कसं आलं नाही याचं मला नवल वाटतं. ११२वं पान. इन्स्पेक्टर भाटकाराच्या सुनेला "काही ऐकू आलं का" असं विचारत नाही. तो विचारतो, "किंकाळी केवढी होती?" दोन पानांनंतर तिला किंकाळी आठवायला लागते. यात कल्पनेची करामत नाही. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली लोकांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली आणि वेग विचारला. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना "लागल्या" तेव्हा वेग किती होता. काहींना विचारलं, "आदळून चक्काचूर झाल्या" तेव्हा किती होता. दुसऱ्यांनी जास्त वेग सांगितला. आठवड्यानंतर विचारलं, फुटलेली काच दिसली का? काच फुटलेलीच नव्हती, तरी "चक्काचूर" ऐकलेल्यांत हो म्हणणारे जास्त निघाले.

बाये, तुझंही तेच झालंय. तू एकटीने रात्री जागून वाचलंस ते एक वाचन. मग चर्चेत कुणी "कंटाळवाणं" म्हटलं, कुणी मान हलवली, आणि घरी येईपर्यंत तुला कंटाळा आठवायला लागला. कुठे आला होता कंटाळा? पान सांग. सांगता येत नसेल तर तो तुझा नव्हे, दुसऱ्याचा आहे. तो परत कर.

मानसशास्त्राबद्दलच्या तक्रारी जरा आटोपत्या घेते, कारण त्यांतल्या बऱ्याच कादंबरीबद्दल नाहीतच. नायिका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, म्हणजे बोलून उपचार करणारी; औषधं देणारी सायकिअ‍ॅट्रिस्ट नाही. औषध लिहून देणं तिचं काम नव्हे, आणि हे २३व्या पानावर तिने सुनेच्या नवऱ्याला स्वच्छ सांगितलंय. दुसरी तक्रार, तिला चेहऱ्यावरून खोटं ओळखता येत नाही, मग ती कसली तज्ज्ञ? उलट मला त्यासाठीच लेखकाची पाठ थोपटावीशी वाटली. चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो यांनी २००६ साली या विषयावरचे शेकडो प्रयोग एकत्र तपासले. खोटं-खरं ओळखण्यात माणसं सरासरी शंभरात ५४ वेळा बरोबर येतात. नाणं उडवलं तरी ५० वेळा येईल. चेहरा बघून खुनी पकडणारी नायिका लिहिणं सोपं होतं. या मुलाने ते केलं नाही.

९७व्या पानावरच्या आबे फारियाबद्दल मात्र मी हटून बसणार आहे. कुणीतरी म्हणालं म्हणे, पणजीचा पुतळा उगाच पर्यटकांसाठी घातलाय. आदिलशहाच्या राजवाड्याशेजारचा तो पुतळा आपण येता-जाता बघतो, आडव्या पडलेल्या बाईवर हात पसरलेला पाद्री. कांदोळीत १७५६ साली जन्मलेल्या या माणसाने पॅरिसमध्ये जाऊन काय सांगितलं? की संमोहन करणाऱ्याच्या हातात कसलीही शक्ती नसते, जे घडतं ते झोपणाऱ्याच्या मनात घडतं. भोवतीचे सगळे चुंबकी शक्तीच्या गप्पा मारत होते तेव्हा हे बोलायला छाती लागते. नायिका पुतळ्यापुढे थांबते आणि तिच्या डोक्यात येतं की सुनेची आठवण कुणी पुसली नसेल, तिची तिनेच मिटवली असेल. तिथून तपास वळतो. ते पान काढून टाकलं तर ११२ला पायाच उरत नाही. पर्यटक कुठून आले यात?

कोकणी संवादांवर वेळ घालवू नकोस. दिवाडीचा राखणदार पुण्याचं मराठी बोलायला लागला असता तर मी पुस्तक मिटलं असतं.

आता तो शेवटचा अभिप्राय, "पहिल्या पुस्तकाच्या मानाने बरं आहे." हे वाक्य वाचून माझं डोकं फिरलं. तुला ते निरुपद्रवी वाटलं असेल.

मी वाचनालयात होते तेव्हा अभिप्रायाची वही ठेवली होती. तीन रकाने, पुस्तकाचं नाव, पान, काय वाटलं. पानाचा रकाना कोरा असला की मी वही परत पुढे सरकवायची. लोक चिडायचे. वाचनालय आहे की परीक्षा, असं म्हणायचे. पुढे समितीतल्यांना वाटलं की यामुळे सभासद घाबरतात, आणि वही बंद झाली. नंतर ती रद्दीत गेली हे मला फार उशिरा कळलं. त्याच सुमारास आपल्याच तालुक्यातल्या एका मुलाची पहिली रहस्यकादंबरी आली. शाल मिळाली, नारळ मिळाला, भाषणं झाली. होतकरू, आश्वासक, पहिल्या पुस्तकाच्या मानाने बरं. कार्यक्रमानंतर तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बाई, दुसऱ्या खुनानंतर कथा कुठेतरी ढिली पडते हे मला जाणवतंय. नक्की कुठे, ते मात्र कुणी सांगत नाही." मला जिथे जाणवलं ती पानं मी त्याला सांगितली. पण एकीची पानं पुरत नाहीत गं. ती माझी आवडनिवड असू शकते. पाच अनोळखी वाचक एकाच पानावर अडखळले, म्हणजे तिथे खड्डा आहे हे लेखकाला कळतं. ते पाच वाचक त्याला त्या वहीत भेटले असते. त्याने पुढे काही लिहिलं नाही. नोकरी, संसार, कारणं अनेक असतील, मला माहीत आहे. तरीही ती वही असती तर, हे माझ्या मनातून जात नाही.

मला कडक म्हणतात ते माझ्या कानावर येतं. येऊ दे. प्रेमाने पुस्तक वाचणं म्हणजे गोड बोलणं, असं मी कधी मानलं नाही आणि या वयात मानणार नाही. वर्षानुवर्षं खपून कुणी दोनशे-अडीचशे पानं लिहितो, तर वाचकाने त्याला पानाचा एक आकडा द्यायला काय हरकत आहे? वही बंद करणाऱ्यांपैकी कुणी आज भेटला तरी मी हेच म्हणेन. मी बरोबर होते.

आणि पान दाखवायचं ते फक्त बाजू घेण्यासाठी नव्हे. १८८वं पान उघड. नायिका इन्स्पेक्टरला सुनेने सत्रात सांगितलेली गोष्ट सांगून टाकते. अर्ध्या ओळीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७चा. त्याच्या २३व्या कलमात रुग्णाची गोपनीयता हा हक्क आहे आणि उपचार करणाऱ्यावर ती जपण्याचं बंधन आहे. अपवाद आहेत, कुणाच्या जिवाला धोका असेल तर, न्यायालयाचा आदेश असेल तर. इथे आदेश नाही, आणि राखणदार तोवर कोठडीत आहे, म्हणजे धोकाही टळलेला. नायिकेने नियम मोडू नये असं माझं म्हणणं नाही. कथेतल्या माणसांनी नियम मोडावेत. पण जी बाई ४१व्या पानावर घड्याळ वळवण्याइतकी जपून वागते, ती १८८वर इतक्या सहज तोंड उघडते आणि पुढे तिची झोपही मोडत नाही? तिथे लेखक घाईत होता. पुस्तकातला माझ्या लेखी मोठा दोष हा, आणि तुमच्या मंडळात तो एकाच्याही तोंडी आला नाही.

खुनी कोण ते लेखात सांगू का, असं विचारलंस. कॅलिफोर्नियातल्या सान दिएगोच्या दोन संशोधकांना २०११ साली असं आढळलं होतं की शेवट आधी सांगितलेल्या वाचकांना कथा उलट जास्तच आवडल्या, रहस्यकथासुद्धा. तरी तू सांगू नकोस. चिखलाचाही उल्लेख नको. ४१वं पान सावकाश वाचा, एवढंच लिही. ज्याला सापडायचं त्याला सापडेल.

तेव्हा असं कर. आठ दिवस मंडळाच्या कुणाशी या पुस्तकावर बोलू नकोस. पुस्तक पुन्हा वाच, शेजारी कागद ठेव, जिथे थांबलीस, हसलीस, चिडलीस, तिथला आकडा मांड. आवडलं की नाही हे ठरवायच्या भानगडीत पडू नकोस. आकडे मांडून झाले की त्यांतूनच लेख लिही. लेखकाला एक प्रत हातात नेऊन दे, अंक छापून येईपर्यंत थांबू नकोस. त्याचं दुसरं पुस्तक सुरू झालं असेल तर त्याला ते आकडे आत्ता हवेत.

तुझा कागद तयार झाला की घेऊन ये. १८८वर आपलं जुळणार नाही, असा माझा अंदाज आहे. तुला नायिकेचं पटलं असणार, तुझा स्वभाव मी ओळखते. ये, भांडू. पुस्तक सोबत आण.

तुझी,
बाई