मोटार वाढवायच्या आधी बॅटरीकडं बघ

भावा, ई-सायकलची २५० वॉटची मोटार काढून १००० वॉटची टाकली तर रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये कापायचं अंतर, किती घटेल, असं विचारलंस. खरं सांगू का, रेंज मोटार खात नाही, थ्रॉटल दाबणारा तुझा अंगठा खातो. सपाट रस्त्यावर आधीच्याच २५ च्या वेगानं चालवलीस तर फारसा फरक पडणार नाही. पण मोठी मोटार लावून २५ नं चालवणारा मला अजून भेटायचाय!

३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ३६० वॉट-अवर, बस्स. वेग २५ वरून ४० वर नेला की हवेचा विरोध अडीचपट होतो. दौलताबादच्या घाटात चढावर तर बॅटरीच्या मीटरकडं बघूच नकोस.

खरी गोम करंटची आहे. ३६ व्होल्टवर १००० वॉट ओढायचे म्हणजे साधारण २८ अँपिअर. तुझ्या बॅटरी पॅकचा बीएमएस, म्हणजे बॅटरीला सांभाळणारं सर्किट, १५-२० अँपिअरचा असला तर ऐन चढावर सप्लाय तोडेल आणि बस मग सायकल ढकलत. नुसता बीएमएस बदलूनही भागत नाही, पॅकमधल्या सेलना तेवढा करंट झेपला पाहिजे. म्हणून आधी दमदार ४८ व्होल्टचा पॅक (व्होल्ट वाढले की तेवढ्याच वॉटला करंट कमी लागतो), मग त्याला जुळणारा कंट्रोलर, म्हणजे मोटारीला वीज सोडणारा डबा, आणि मोटार.

हब मोटारीला, म्हणजे चाकाच्या मध्यात बसणाऱ्या मोटारीला, टॉर्क आर्म (अ‍ॅक्सल फिरू न देणारी लोखंडी पट्टी) लावच, नाहीतर अ‍ॅक्सल फिरून वायरी पिळवटून तुटतात. मे महिन्यात उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नकोस, पॅक गार होऊ दे.

आणि हो, २५० वॉट आणि २५ च्या वेगाची मर्यादा ओलांडली की नोंदणीची सूट जाते.